टेकचंदचं घर आणि भय्याजीचा कोठा

टेकचंदने सावलीत उभं राहायचं ठरवलं, इतकंच. एप्रिल होता, आणि आंबागडाकडच्या उन्हाला दयामाया नसते.

घरकुलाचा साहेब गावात आला तेव्हा बायको सत्यभामाबाई मोहफुलं वेचायला जंगलात गेली होती. साहेब घाईत होता. देशात कोट्यवधी घरं ठरल्या तारखेला उभी करायची, त्यामुळे त्याच्या वाट्याला एका दिवसात चार गावं आली होती. (घाई दिल्लीत सुटते, घाम इकडे धानाच्या बांध्यांत फुटतो.)

"काका, तुमच्या जागेवर उभे राहा. फोटो काढला की मोबाइलमध्ये जागा पक्की होते."

टेकचंद चाळीस पावलं सरकून चिंचेखाली उभा राहिला. चिंच शेजारच्या भय्याजीची, तिच्याखाली भय्याजीच्या म्हशींचा कोठा. साहेबाने इकडे तिकडे न पाहता बटण दाबलं आणि फटफटीवर बसून गेला.

आठवड्यात मंजुरी आली. सरकारकडून इतक्या लवकर काही आल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. टेकचंदने हुरूपाने जुनं मातीचं घर पाडलं, ताडपत्रीखाली संसार मांडला आणि जोतं बांधून काढलं.

साहेब जोत्याचा फोटो घ्यायला आला, तर मोबाइल फोटो घेईना.

"काका, तुमचं घर इथे नाही."

"मंग कोठी हाये?"

साहेबाने बोट दाखवलं. कोठ्यात म्हैस रवंथ करत होती.

फोटो नाही तर पुढचा हप्ता नाही, हप्ता नाही तर भिंती नाहीत. मिरग पंधरा दिवसांवर आलेला.

भय्याजी कुंपणाशी आला. "माही काई हरकत नाही गा, टेकचंद. पर म्हशीले विचारून घे."

सत्यभामाबाई हसली नाही. "तिकडं कायले उभे राहिले तुमी?"

"ऊन लागून राहिलं होतं."

"आता चार महिने पाण्यात उभे राहा."

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत जाऊन साहेबाच्या टेबलासमोर बसली. जागा बदलायला दोन महिने लागतात, असं साहेब म्हणाला.

"चुकवाले एक मिनिट अन् सुधरवाले दोन महिने? तारीख तुमालेबी हाये ना, साहेब? का त्या दिवशी म्हशीले चाबी देता?"

साहेबाने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. (या बाईला शाळेने काही शिकवलं नव्हतं, म्हणून तिला प्रश्न विचारता येत.) तिसऱ्या दिवशी तो दुरुस्तीचा फोटो घ्यायला स्वतः हजर झाला.

टेकचंद सकाळपासून धुतलेला सदरा घालून जोत्याच्या मधोमध उभा होता. साहेब बारा वाजता आला, तोवर टोपी भिजली, पाय भाजले, पण गडी हलला नाही. आयुष्यात एकदा तरी आपण बरोबर जागी उभे आहोत, याचं त्याला समाधान होतं.

साहेबाने मोबाइल धरला, मग कागद पाहिला.

"काका, तुम्ही खाली उतरा."

"काहून?"

"घर सत्यभामाबाईंच्या नावावर मंजूर आहे. फोटोत त्याच पाहिजेत. मागच्या वेळी मीही घाईत पाहिलं नाही."

सत्यभामाबाई पदर सावरून जोत्यावर चढली. मोबाइलने फोटो पहिल्याच झटक्यात घेतला.

"मंग मी कोणाच्या घरात राहू?" टेकचंदने खालून विचारलं.

सत्यभामाबाईने त्याला वरून खालपर्यंत एकदा पाहिलं.

"अर्ज करा," ती म्हणाली. "पाहीन."