सबनीस काकांची ऋषीची भाजी

सबनीस काकांच्या ताटात भाजी पडली की ते आधी हात आवरतात, भाजीकडे टक लावून बघतात आणि वाढणाऱ्याला विचारतात, "हिचं गाव कुठलं?"

आमच्या शेजारची नवीन लग्न होऊन आलेली मुलगी एकदा लाजून "सांगली" म्हणाली होती. काका वैतागले. "तुझं नाही गं, फरसबीचं!"

फरसबीचं गाव पन्नास मैलांच्या आतलं निघालं तर काका जेवतात. मेक्सिको, पेरू असं काही निघालं तर भाजी ताटाच्या कडेला सरकवून नुसता वरणभात खातात. वरणातली डाळ कुठली, हे मी एकदा मुद्दाम विचारलं. मी नागपूरची आहे, गप्प बसणं आमच्यात नाही. काका शांतपणे म्हणाले, "तूरडाळ भाजीत धरत नाहीत. ती नातेवाईक आहे."

इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये बारा वर्षं आयटीत घासून मी बरेच नग बघितले, पण काकांसारखा नाही. तीस वर्षं औषधांच्या लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झालेला माणूस. काकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असते आणि तिथून ऑनलाइन किराणा ऑर्डर करते. तो दारात आला की काका स्टिकर वाचतात आणि अर्धा बॉक्स माझ्याकडे आणून देतात. "हे विमानानं आलंय, मृणाल. मी विमानानं आलो तेव्हा माझी काय अवस्था झाली होती, मला ठाऊक आहे. असलं मी खात नाही." आणि मग आमच्याकडची द्राक्षं उलटीपालटी करून बघतात. माझा मुलगा ओरडतो, "मॉम, ही इज इंटरव्ह्यूइंग द ग्रेप्स!"

ओक ट्री रोडच्या दुकानात तर त्यांच्यासोबत जायची सोय नाही. भिंग काढून प्रत्येक पाकीट वाचणार. मागे लाइन लागते, कोणीतरी "अंकल, चलो ना यार" म्हणतं, काका ढिम्म हलत नाहीत. काउंटरवरच्या पोराला विचारतात, "हा लसूण कुठला?" तो म्हणतो, "मागच्या शेल्फवरचा." यावर काका त्याला पाच मिनिटं लेक्चर देतात: स्वस्त लसूण समुद्रापलीकडून येतो, म्हणून इथला शेतकरी मरतो, तो मेला की त्याच्या जमिनीवर गोदाम उभं राहतं. पोरगा मान डोलावतो आणि "बॅग हवी का?" विचारतो.

काकांचा शेतकरी एकच, वॉल्टर. आमच्यापासून वीस मैलांवर त्याचं शेत आणि शेताच्या तोंडाशी लाकडी टपरी. वय काकांएवढंच, सत्तरीच्या पुढचं. दोन्ही शेजाऱ्यांनी शेतं विकली, तिथे आता ट्रक उभे असतात. वॉल्टरचा टोमॅटो दुकानातल्यापेक्षा दुप्पट महाग, त्यामुळे गिऱ्हाईक बेताचंच. काका मात्र दर शनिवारी नऊच्या ठोक्याला हजर. एकटा माणूस आणि पिशव्या चार. एवढं काय करता, असं आम्ही विचारायचो. "खातो," म्हणायचे.

गेल्या मार्चमध्ये काका आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगला आले. गणपतीच्या जेवणाचा विषय चालू होता. ऋषिपंचमी बुधवारी येवो की गुरुवारी, आमचं मंडळ ती शनिवारीच करतं. तीनशे पानं, आणि त्यात मान ऋषीच्या भाजीचा. काका उभे राहिले. "यंदा भाजी वॉल्टरची. अळू, माठ, पडवळ, दोडका, सगळं मी त्याच्याकडून लावून घेतो."

पहिल्या रांगेतल्या देसाई मावशींनी चष्मा वर केला. "ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही हं."

"वॉल्टरकडे बैल नाही! ट्रॅक्टर आहे," काका म्हणाले आणि त्यांनी फोनवरचा ट्रॅक्टरचा फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला.

मग ट्रॅक्टर हा बैल धरायचा की नाही, यावर पाऊण तास चर्चा झाली. एक पीएचडीवाला म्हणाला, ट्रॅक्टरला जीव नाही, तेव्हा चालेल. मावशी म्हणाल्या, काम तर बैलाचंच करतो ना? अखेर काकांनी हात वर केले. "माणसाच्या हातानं खणलेलं चालेल?" चालेल, असं ठरलं. जेवणाची जबाबदारी माझ्याकडे होती. हो, घेऊ ना काका, असं मीच सगळ्यांसमोर म्हणाले.

आणि वॉल्टरनं खरोखर खणलं. चार लांबलचक वाफे, फावड्यानं, एकट्यानं. काकांनी त्याला सांगितलं होतं की हे आमच्या देवाधर्माचं आहे. तेव्हापासून त्यानं तिकडे ट्रॅक्टर फिरकू दिला नाही. पडवळ सरळ वाढावं म्हणून शेंड्याला दगड बांधायचा, हेही काकांनी शिकवलं. वॉल्टरनं दगडाऐवजी गंजके नटबोल्ट बांधले. काका मंडळाच्या ग्रुपवर रोज पडवळाचे फोटो टाकायचे. आम्ही कंटाळून ग्रुप म्यूट केला.

आता माझं सांगते. गणपतीच्या आठवड्यात चिरायला येणाऱ्या आठ बायकांपैकी सहा जणींनी कॅन्सल केलं. माझ्या ऑफिसात नेमका सॉफ्टवेअरचा रिलीज होता, मान वर करायला वेळ नव्हता. दुकानात फ्रोझन पाकिटं होती, चिरलेली, निवडलेली, वॉल्टरच्या निम्म्या भावात, समुद्रापलीकडून आलेली. मी ती घेऊन टाकली. काकांना फोन करायची हिंमत झाली नाही, दोन दिवस आधी मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, "ठीक आहे." बस, एवढंच.

भाजी छान झाली. तीनशे माणसांनी बोटं चाटली. देसाई मावशींनी दोनदा घेतली. रिकामी पाकिटं कचऱ्यात टाकताना मी पहिल्यांदा त्यावरचं चित्र नीट बघितलं: नांगर आणि हसरी बैलजोडी. मी पाकीट उलटं करून पिशवीत कोंबलं. काका जेवायला आलेच नव्हते.

पुढच्या शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. माफी मागायची होती. दार उघडताच उकडलेल्या अळूचा वास आला. गॅसवर मोठं पातेलं, फ्रीजमध्ये डबे, खालच्या फ्रीजरमध्ये डबे, टेबलाखाली दोडक्यांची खोकी. चार फेऱ्या मारून सगळं त्यांनी आपल्या गाडीतून उचलून आणलं होतं. आठ दिवस हा माणूस दोन्ही वेळा ऋषीची भाजी खात होता.

"बरं झालं आलीस," काका म्हणाले. "चल वॉल्टरकडे. फक्त तोंड उघडू नकोस. सगळ्यांनी त्याचीच भाजी खाल्ली, असं मी त्याला सांगितलंय."

मी गाडी चालवत होते. काका एकदम म्हणाले, "तो मार्चमध्येच शेत विकणार होता गं. बिल्डरचे कागद तयार होते. मुलगा फ्लोरिडाला बोलावतोय. मीच म्हटलं, थांब, माझी तीनशे माणसं आहेत."

"तुम्ही त्याच्या भल्यासाठीच..."

"शेतकऱ्याचं भलं वगैरे तुम्हाला सांगतो, ते खोटं नाही. पण मी गेलो की तो म्हणतो, आज उशीर केलास. आठवडाभरात माझी वाट बघणारं दुसरं कोणी नाही, मृणाल. म्हणून मी त्या म्हाताऱ्याला खणायला लावलं."

दोन्ही बाजूंना गोदामांच्या भिंती संपता संपत नव्हत्या.

वॉल्टर टपरीबाहेर उभा होता. गुडघ्याला पट्टा, हातात फावडं. मी मंडळातली आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "एक आजी माझी भाजी खाऊन रडल्या म्हणे, खरं का?" त्यानं विचारलं. मग आम्हाला मागे घेऊन गेला. चार वाफ्यांच्या पलीकडे त्यानं दोरी लावून आणखी चार आखले होते, एक निम्मा खणूनही झाला होता. "बिल्डरला सोमवारी नाही म्हणून कळवतो, पण आधी मला खरं सांग, पुढच्या वर्षी घ्याल ना?" त्यानं मला विचारलं.

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. काका मध्येच म्हणाले, "वॉल्टर, थांब."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. मंडळानं भाजी घेतलीच नाही. आजी रडल्या नाहीत. शेजाऱ्यांना थोडी दिली, बाकी घरी आहे. "आता खणू नकोस. गुडघा बघ तुझा. मुलाकडे जा." सांगताना काकांचा आवाज एकदाही हलला नाही.

वॉल्टरनं फावडं हळूच कुंपणाला टेकवून ठेवलं. तो रागावेल, ओरडेल, असं मला वाटलं. पुढे ऑक्टोबरात त्यानं बिल्डरच्या कागदांवर सही केली, आता तिथे बिल्डरचं कुंपण उभं आहे. पण त्या दिवशी तो खणलेल्या मातीकडे बघत राहिला आणि त्यानं काकांना एवढंच विचारलं, "चवीला कशी होती?"

"फार चांगली होती," काका म्हणाले. "एकट्याला जरा जास्त झाली."