मुडद्यानं कट कसं म्हणावं?

लटारूच्या पिक्चरचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा फिल्मचा एकच रोल उरला होता आणि त्यात दोन गोष्टी बसवायच्या होत्या. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराच्या हातून हिरोचं मरण, आणि मग त्या ठेकेदाराला हातकड्या. लेखक लटारू, दिग्दर्शक लटारू आणि हिरोही लटारूच, कारण मुंबईहून पोंभुर्ण्याच्या जंगलात मरायला कोण येतो? हातकड्या मात्र नागपूरच्या वितरकाच्या. व्हिलन पकडला गेला नाही तर पिक्चर घेणार नाही, अशी त्यानं तंबीच दिली होती. म्हणून देवाजी सकाळपासून उसन्या खाकीत इन्स्पेक्टर होऊन घाम गाळत होता.

"मी कट म्हनत नाई तोवर कॅमेरा थांबवाचा नाई," लटारूनं कॅमेरावाल्याला बजावलं. "मागं दोनदा अर्ध्यातच बंद केला तुमी."

ठेकेदार झालेल्या झिंगूनं कुऱ्हाड घातली. लटारू झकास मेला. त्याची बायको झालेली कलाबाई छातीवर पडून गात गात रडू लागली. बाईची हयात झाडीपट्टीच्या नाटकांत गेलेली. बघायला जमलेल्या गावानं सवयीनं आरोळी ठोकली, "वन्स मोअर!" आणि वन्स मोअर आला की नाटकवाल्यानं परत करायचं, हा तिकडचा धर्म. कलाबाई उठली, गावाला नमस्कार केला, पदर सारखा केला आणि पुन्हा नवऱ्यावर पडली.

आली का पंचाईत! कट म्हणावं तर मुडद्याचे ओठ हलतात, न म्हणावं तर रोल जातो. लटारूनं पदराखालून तिला चिमटा काढला. बाईला वाटलं आवाज कमी पडतोय, तिनं सूर चढवला. गाव आणखी पेटलं. पुढच्या वन्स मोअरला तर झिंगूच कुऱ्हाड घेऊन परत आला आणि मेलेल्या लटारूला त्यानं नव्यानं मारलं. तेवढ्यात कॅमेरा खट्ट करून थांबला.

"रोल संपला," कॅमेरावाला म्हणाला.

लटारू मुंगळे झटकत उठला. "कलाबाई, काऊन केलं वो असं?"

"गावानं मागतलं, भाऊ. गावाले नाई म्हनाचं का?"

"अन् मले काऊन मारलं रे दोनदा?"

"मारल्याबिगर बाई रडन कशी?" झिंगू म्हणाला.

देवाजी हातकड्या वाजवत पुढे आला. "लटारूभाऊ, मंग मी ठेकेदाराले कवा पकडू?"

लटारूनं समोर पाहिलं. सगळं गाव तेंदूपत्ता तोडणारं, दर हंगामाला ठेकेदारानं मजुरी बुडवलेलं. त्याचं डोकंच सणकलं.

"नको पकडू. आपल्या इथी आजवर कोन पकडला ठेकेदार? पिक्चर इथीच संपला."

"अन् वितरक?" कॅमेरावाल्यानं विचारलं.

"नाई घेत तं नको घेऊ दे. सावली गावच्या बाजारात चादर बांधून दाखवतो मी. पन त्याच्या हातकड्या माह्या पिक्चरात येनार नाईत."

"खरं हाय," म्हातारी गिरजाबाई गर्दीतून म्हणाली.

देवाजीचं तोंड पडलं. "म्हंजे मी पिक्चरमधी कुठीच नाई?"

"नाई," लटारू म्हणाला. "म्हनून तं लोकायले खरा वाटन."