न पेटणारी गादी

मुंजाजीकाका बिडी ओढत नाहीत, सिगारेट ओढत नाहीत, तरी त्यांच्या बंडीच्या खिशात काडेपेटी कायम असते. फोम दिसला की चिमूटभर तोडायचा, काडी लावायची आणि बघत राहायचं. एकदा एस.टी.च्या फाटक्या सीटचा फोम तपासायला गेले, तर कंडक्टरनं त्यांना येलदरीच्या फाट्यावर उतरवून दिलं. चारठाण्याच्या एका लग्नात तर ते नवरदेवाच्या खुर्चीमागं जाऊन बसले. नवरदेव खुर्चीतच होता. वरबाप धावत आला, तर काका शांतपणे म्हणाले, "पेटत न्हाई. माल चांगला हाय."

परभणीच्या भंगारवाल्याकडून ते मोडक्या गाड्यांच्या सीटा आणायचे. आग धरणार नाही तेवढाच फोम निवडायचा, त्याची हातभर गादी शिवायची आणि गावात कोणी बाळंत झालं की पाचवीला नेऊन द्यायची. जात बघायची नाही, बोलावण्याची वाट बघायची नाही. माझी आजी म्हणायची, मुंजाजीमुळं सटवाई पण आता गादीवर बसून नशीब लिहिती.

गावाचं हे हसणं वरवरचं होतं. काकांची मुलगी नाव ठेवायच्या आधीच गेली, हे गावाला ठाऊक होतं. बाजेखाली शेकायला ठेवलेली शेगडी, त्यातला एक निखारा आणि जुन्या लुगड्याची गोधडी. काकू माहेरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. रसायनशास्त्रात एम.एस्सी. हे मी मान ताठ ठेवून सांगते. बाळंतपणाला माहेरी आले, पाचवीला काका गादी घेऊन आले, आणि तेच शिक्षण आडवं आलं. तो फोम का पेटत नाही, हे मला माहीत होतं. त्यात फॉस्फरसची रसायनं मिसळलेली असतात. ती फोमला घट्ट धरून नसतात. हळूहळू सुटतात, घरातल्या धुळीत बसतात, लेकराच्या हाताला लागून तोंडात जातात. उन्हात, मातीत त्यातली काही मोडतात. ज्यांत क्लोरीन असतं ती वर्षानुवर्षं तग धरतात. बंद खोलीत तर त्यांना मोडणारं कोणीच नसतं.

सांगावं की नाही? बारशापर्यंत मी गप्प बसले, मग काकांना सांगून टाकलं.

काकांनी गादी उचलून उलटीपालटी करून बघितली. "म्हंजे आगीतून काढून फुफाट्यात घातली का मी लेकरं, माय?"

मी म्हणाले, इतकं पक्कं कोणी सांगत नाही, पण लहान जिवाला नकोच.

दुसऱ्या दिवसापासून ते दारोदार गाद्या परत मागायला लागले. एका म्हातारीनं सुनावलं, "देलेलं माघारी मागायलास व्हय रं मुंजा? पुढल्या जन्मी कुत्रा व्हशील." एका घरी गादीवर शेळीची करडं निजली होती. करडं उठवून काकांनी ती गादीही आणली.

ढीग जमल्यावर मला विचारायला आले, पुरू का? मी म्हणाले, पुरलं तर पावसाबरोबर पूर्णेत जाईल. जाळलं तर धूर त्याहून वाईट. काकांनी सगळ्या गाद्या आपल्याच खोलीत रचल्या आणि तिथंच निजायला लागले. हे कळल्यावर मी त्यांच्यावर ओरडले.

"नदीत नको, मातीत नको, लेकराखाली नको म्हणतीस," ते म्हणाले. "मग माझ्या घरात माझ्याबिगर हाय कोण?"

माझ्या मुलीखाली आईनं सुती गोधडी घातली. तेव्हापासून बाजेखाली शेगडी सरकवली की काका उंबऱ्याबाहेर येऊन बसायचे. बाळंतिणीच्या खोलीपाशी गडीमाणूस कशाला, असं आई पुटपुटायची, म्हणून आमच्याकडं पाठ करून. शेजारी पाण्यानं भरलेली घागर. शेक झाला की विचारायचे, "इझली का?"

आई म्हणायची, इझली.

त्यांना पटायचं नाही. शेगडी बाहेर मागून घ्यायचे, राखेत तळहात खुपसायचे, आणि राख पुरती गार लागली की मगच उठायचे.