कोपऱ्यातला खुनी

"सात हजार तक्रारी!" साहेबांनी कागद टेबलावर आपटला. "सगळ्यांचं एकच म्हणणं, काही दिसत नाही!"

"सर, नॉर्वेचा मानसिक थरारपट आहे. दिसायला नकोच आहे," काळोखे म्हणाले.

काळोखे हे त्यांचं आडनाव नव्हे. सिनेमे घरोघरी पोचवणाऱ्या त्या कंपनीने एका नॉर्वेजियन दिग्दर्शकाशी चार सिनेमांचा करार केला होता आणि त्यांतला अंधार सांभाळायला या गृहस्थांना नेमलं होतं, म्हणून ऑफिसनेच हे बारसं केलं. फाइल लहान केली की काळ्या रंगाचे चौकोन पडतात आणि भयाण खोली फरशी बसवल्यासारखी दिसते. तसं होऊ नये म्हणून काळोख्यांनी सहा आठवडे डोळे फोडले होते. अंधार पोटच्या पोरीसारखा जपला होता.

"उद्यापर्यंत उजेड वाढवा, नाहीतर घरी बसा," साहेबांनी विषय संपवला.

घरी बसून चालणार नव्हतं. काळोख्यांनी जड मनाने उजेड वाढवला आणि फाइल चढवून टाकली. पुन्हा बघायचा त्यांना धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोचा फोन आला. "अहो, तो कोपऱ्यात उभाय तो कोण?"

"कुठल्या कोपऱ्यात?"

"पहिल्याच दृश्यात. सुऱ्याने पाठ खाजवतोय बघा."

तो खुनी होता! सगळा सिनेमा एका खोलीत, आणि खुनी अंधारातून बाहेर यायचा तो अगदी शेवटी. तोवर नट बिचारा कोपऱ्यात ताटकळत होता. अंधारात कोण बघतंय म्हणून त्याने पाठ खाजवली, चांगल्या चार जांभयाही दिल्या. दीड तासाचं रहस्य पहिल्या मिनिटालाच खलास झालं होतं.

आता हाकलून देण्याआधी आपणच गेलेलं बरं, असं म्हणून काळोखे राजीनामा लिहायला बसले. रडूच येत होतं. तेवढ्यात साहेब धावत आले.

"काळोखे, कमाल केलीत! लोक वेडे झालेत. खुनी आपल्याला दिसतोय, नायिकेला दिसत नाही, आणि वर तो जांभया देतोय! अंगावर काटा येतो म्हणे. दिग्दर्शकाचंही पत्र आलंय."

"काय म्हणतात?"

"तुम्ही त्यांचे डोळे उघडलेत. उरलेले तिन्ही सिनेमे ते भर उन्हात काढणार आहेत!"

"सर, मग त्यात माझं काम काय?"

"तेच कसं सांगावं कळत नव्हतं हो." साहेबांनी मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि टेबलावरचा अर्धवट राजीनामा वाचला. "पण तुम्ही लिहायला घेतलंच आहे. छान लिहिलंय. पूर्ण करा."