अनपेक्षितपणे फुटलेलं टेबल

जेवणाच्या टेबलाची काच फुटली, तेव्हा पुरुषोत्तमराव तिच्यावर उभे राहून पंखा पुसत होते. काचेचा भुगा झाला, पुरुषोत्तमरावांना मात्र साधं खरचटलंही नाही. वासंतीबाईंनी नवऱ्याला आधी नखशिखांत तपासलं आणि मग म्हणाल्या, “मी तीनदा सांगितलं होतं, चढू नका म्हणून.”

सांगितलं होतं, यात वादच नव्हता. पुण्यापासून कानडी मुलखातल्या हेब्बाळच्या या फ्लॅटपर्यंत सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी बरंच काही आधीच सांगितलं होतं आणि ते तसंच घडलं होतं. पण ‘तुझं बरोबर होतं’ हे तीन शब्द काही पुरुषोत्तमरावांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. त्या बाईला दुसरं काही नको होतं हो.

टेबलाचा विमा होता. अपघाताने मोडलं, तर नवं मिळणार. टेबल वासंतीबाईंच्या नावावर घेतलेलं, त्यामुळे फॉर्मवर सही त्यांची हवी. चष्मा लावून त्या वाचत गेल्या आणि नवव्या रकान्यापाशी थांबल्या.

“‘सदर घटना पूर्णपणे अनपेक्षित होती.’ कुणाला अनपेक्षित?”

“तसं लिहायची पद्धत असते गं.”

“मला अपेक्षित होती. तीनदा.”

“मग क्लेम मिळायचा नाही.”

“नाही तर नाही. मी काय म्हणून खोटी पडू?”

चार दिवस दोघं मांडीवर ताट घेऊन जेवली. पाचव्या दिवशी पुरुषोत्तमरावांच्या ऑफिसच्या पँटवर आमटी सांडली आणि तडजोडीची बोलणी सुरू झाली. फॉर्मवर अनपेक्षित आणि घरात अपेक्षित, असं ठरलं.

“आणि कंपनीचा माणूस बघायला येईल तेव्हा? मी तोंड शिवून बसणार नाही.”

“मराठीत बोल की हवं तेवढं. शिवाप्पा नाव आहे त्याचं. त्याला काय कळतंय!”

वासंतीबाईंनी सही केली.

शिवाप्पा आले. त्यांनी फोटो काढले, टेप लावून टेबल मोजलं. कुणाच्या ध्यानीमनी नसताना काच कशी फुटली, ते पुरुषोत्तमराव हिंदीत रंगवून सांगू लागले.

“ध्यानीमनी कसं नाही?” चहा ठेवता ठेवता वासंतीबाई मराठीत म्हणाल्या. “पंचाण्णव किलोचा माणूस काचेवर चढतोय आणि मी खालून ओरडतेय, उतरा म्हणून.”

शिवाप्पांनी कप खाली ठेवला. “स्वल्प हळू सांगा, अक्का. मी निपाणीचा, घरी मराठीच. किती वेळा ओरडलात?”

पुरुषोत्तमराव खोकले. बराच वेळ खोकत राहिले. वासंतीबाईंना एकीकडे नवं टेबल दिसत होतं आणि दुसरीकडे पेन उघडून बसलेला माणूस. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

“तीनदा,” त्या म्हणाल्या. “चहा घ्या, सविस्तर सांगते.”

आठवड्याने पत्र आलं. इंग्रजीत होतं, पण अर्थ स्वच्छ होता. दावा नामंजूर. पत्नीने पतीस तीन वेळा स्पष्ट पूर्वसूचना दिली होती व तिचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, सबब घटना अनपेक्षित म्हणता येत नाही. खाली कंपनीचा गोल शिक्का.

वासंतीबाईंनी ते मनात दोनदा वाचलं आणि नंतर एकदा मोठ्याने.

“तीस दिवसांत अपील करता येतं,” पुरुषोत्तमराव म्हणाले. “आजच लिहायला घेतो.”

“काही नको,” वासंतीबाई जमिनीवर ताटं मांडत म्हणाल्या. “निकाल बरोबर आहे.”