दीड फुटाची अट

नागपूरच्या डॉक्टरांनी मनकर्णाबाईंचा खुबा बदलला, त्याला तास उलटत नाही तोच लटारूजी निमगडे यांनी एक छोटासा निर्णय घेतला. बायकोला इथून थेट घरी न्यायचं नाही. सहा आठवडे एखाद्या योग्य ठिकाणी ठेवायचं, आणि ते ठिकाण आपण स्वतः निवडायचं. (बायको अजून भुलीत होती, त्यामुळे विरोध झाला नाही. लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांतला हा त्यांचा पहिलाच बिनविरोध ठराव.)

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते अगदी सरळ होतं. सहा आठवडे उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, दीड फुटाच्या खाली कुठंही टेकायचं नाही. पलंग उंच, खुर्ची उंच आणि संडाससुद्धा खुर्चीवर बसल्यासारखा, म्हणजे कमोड. यातलं निमगड्यांच्या घरी काहीच नव्हतं. शिवाय रोज चालायचं. हे पाळलं तर बाई पुन्हा बिनकाठीच्या चालतील. नाही पाळलं तर नवा बसवलेला गोळा वाटीतून निसटेल आणि सगळं मुसळ केरात. मनकर्णाबाई तीन वर्षं भिंत धरून घरात फिरत होत्या. १९८६ सालच्या त्या हिवाळ्यात त्यांना जगाकडून एवढंच हवं होतं, की कोणाचा हात न धरता चालता यावं.

"जागा जरा नीट बघून निवडा," असं डॉक्टर जाता जाता म्हणाले आणि तिथंच घात झाला. कारण लटारूजी बल्लारपूरला सरकारी लाकूड डेपोत बडे बाबू होते. जंगलातून आलेला प्रत्येक ओंडका ते टेप लावून मोजत. लांबी घेत, गोलाई घेत, आतून पोकळ आहे का ते ठोकून बघत, दर्जा ठरवत, आणि मगच त्यावर घणाची खूण पडे. मोजल्याशिवाय त्यांना जगातली कुठलीच वस्तू खरी वाटत नसे. त्यांनी हॉस्पिटलच्या बाहेरून एक फाईल विकत आणली, तिच्यावर 'जागा निवड' असं लिहिलं आणि आत कोरे कागद लावले. फाईल उघडली की अर्धं काम झालं, अशी आपल्याकडे समजूत आहेच.

मनकर्णाबाईंची धाकटी बहीण शकुबाई उशाशी बसून होती. ती वरोऱ्याहून आली होती.

"भाऊजी, माह्या घरी घेऊन चला न बाईले," ती म्हणाली. "मी हावो न. काईतरी जमवून घेऊ."

"काईतरी?" लटारूजींनी चष्मा काढला. "काईतरीनं खुबा बसत नाई, शकुबाई. मोजमाप पाह्यजे."

"मले काय पाह्यजे ते तर इचारा कोणी," पलंगावरून मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या तोवर शुद्धीवर आल्या होत्या.

"तू आराम कर. तुह्याचसाठी करून राह्यलो न मी हे सारं."

मनकर्णाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

तरी अन्याय नको म्हणून लटारूजी आधी वरोऱ्यालाच गेले. शकुबाईच्या घरी चहा-चिवडा खाल्ला आणि टेप काढला. ओट्याच्या पायऱ्या तीन, पलंगाची उंची सोळा इंच, संडास जमिनीसरसा. फाईलवर शेरा पडला, 'तिसरा दर्जा.' शकुबाईची सासू दुसऱ्यांदा चिवडा आणायला आत गेली होती. तो खाऊन झाल्यावरच त्यांनी शेरा वाचून दाखवला.

मग चंद्रपूरचं एक नवं नर्सिंग होम. तिथं कमोड होता. पांढराशुभ्र, कंपनीचा, पण त्यात मनीप्लांट लावला होता.

"नळाचं कनेक्शन यायचं हाय, बाबू," कंपाउंडर म्हणाला. "तवरी शोभेले."

"कधी येईल?"

"पाइपलाइन सेंक्शन झाली का आलंच."

सरकारी भाषेत याचा अर्थ काय होतो हे लटारूजींपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? तरीही त्यांनी मनीप्लांट बाजूला करून उंची घेतली. सव्वापंधरा इंच. बाद.

तिसरी जागा मूल गावच्या रस्त्यावर, एका वैद्यांचा निसर्गोपचार आश्रम. वैद्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की ऑपरेशनची गरजच नव्हती, एकवीस दिवस मातीचा लेप पुरला असता.

"पण आता तं बसवला न गोळा," लटारूजी म्हणाले.

"मग काढून टाका," वैद्य म्हणाले. "माती लावू."

इकडे हॉस्पिटलवाले पलंग रिकामा करा म्हणून मागे लागले होते. शकुबाई रोज विचारी, "झालं का?" आणि लटारूजी रोज सांगत, "तुलनात्मक तक्ता बनून राह्यला." त्या तक्त्यात अकरा रकाने होते. रोग्याचं म्हणणं, असा रकाना त्यात नव्हता.

शेवटी बाबूंच्या डोक्यात प्रकाश पडला, तोही ऑफिसात, साहेबांच्या दौऱ्याचे कागद लावताना. कोरंबटोल्याचं वनविश्रामगृह! आलापल्लीच्या वाटेवर, भर जंगलात, गोऱ्या साहेबानं बांधलेलं. गोऱ्या साहेबाला मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी त्यानं ही इमारत जणू मनकर्णाबाईंच्या खुब्यासाठीच बांधून ठेवली होती. लटारूजी पहिल्या बसनं तिथं पोचले. पलंग चोवीस इंच. व्हरांड्याला पूर्ण लांबीचा लाकडी कठडा. आणि कमोड साडेअठरा इंच! त्यांनी सवयीनं तो ठोकूनही पाहिला. (पोकळ निघाला. त्याचं कामच ते.) फाईलवर शेरा पडला, 'पहिला दर्जा.'

आता विश्रामगृह साहेबलोकांसाठी असतं, बाबूंच्या बायकोच्या खुब्यासाठी नसतं, ही एक बारीक अडचण होती. पण लटारूजींनी चोवीस वर्षं साहेबांच्या सह्यांचे मसुदे केले होते. त्यांनी रजा टाकली नाहीच, उलट स्वतःच्या नावानं 'तपासणीकामी मुक्काम' असा एक कागद तयार केला आणि इतर चौदा कागदांच्या मधोमध सहीला ठेवला. साहेबांनी पंधराही कागदांवर सही केली. वाचून सही करणारा साहेब अजून जन्माला यायचा आहे.

अशा रीतीनं मनकर्णाबाई जीपमध्ये उशा लावून कोरंबटोल्याला पोचल्या. चौकीदार झिंगू आणि त्याची बायको बुधरी यांनी जोहार घातला. पहिले तीन आठवडे सगळं तक्त्याप्रमाणे चाललं, म्हणजे काहीच चाललं नाही. लटारूजी सकाळी बायकोला व्हरांड्यात वीस फूट चालवत, संध्याकाळी वीस फूट, आणि पूर्ण वेळ तिचा दंड घट्ट धरून ठेवत.

"सोडा जरासा," मनकर्णाबाई म्हणत.

"पडशीन."

"पाहू तं द्या मले, पडतो का नाई ते."

"अवं, गोळा निसटला तं?"

हे शब्द ऐकले की बाई पुन्हा त्यांच्या हातावर भार टाकत. रात्री त्यांना वाटे, आपण जन्मभर या माणसाच्या हाताला लटकूनच राहणार. खुबा नवा बसला, पण भिंतीच्या जागी नवरा आला एवढाच काय तो फरक.

चौथ्या सोमवारी सकाळी रेंज ऑफिसातून निरोप आला. नागपूरचे मोठे साहेब दुपारी जेवायला आणि मुक्कामाला येणार, विश्रामगृह तयार ठेवा.

लटारूजी उभ्याचे मटकन खाली बसले, दीड फुटाच्याही खाली. (त्यांचे खुबे जुनेच होते.) साहेबांनी 'तपासणीकामी मुक्काम' म्हणजे काय तपासलं असं विचारलं तर? त्यांनी बायकोला हॉस्पिटलनं दिलेल्या वॉकरसकट झिंगूच्या मागच्या घरी हलवलं. औषधं, साडी, उशी, सगळं उचललं. एकदाही म्हणाले नाहीत की माझी बायको आजारी आहे, तिला कुठं नेऊ? नवऱ्यापेक्षा बाबू मोठा निघाला.

"इथी बस. आवाज करू नोको," ते म्हणाले आणि हार कुठं मिळतात ते बघायला पळाले.

बस म्हणणं सोपं होतं. झिंगूच्या घरी एक बाज होती, जेमतेम फूटभर उंच. मनकर्णाबाई बसल्या नाहीत. मधला खांब धरून उभ्या राहिल्या. पाय भरून आले, डोळेही भरून आले आणि नवऱ्याचा असा संताप आला की त्या भरात त्या आणखी अर्धा तास उभ्या राहू शकल्या.

बुधरीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बाजेकडे. विचारलं, "बाई, बसत काऊन नाई?"

मनकर्णाबाईंनी दीड फुटाची सगळी कथा सांगितली. कमोडचीही सांगितली.

बुधरीनं बाहेरून विटा आणल्या आणि बाजेच्या चारी पायांखाली दोन-दोन सरकवल्या. मग विश्रामगृहातून मोडीत काढलेली वेताची जुनी खुर्ची होती, ती उलटी केली आणि कोयत्यानं बैठकीच्या मधोमध गोल वेत कापून काढला. खाली घमेलं ठेवलं. एवढं सगळं तिच्या तोंडातली बिडी विझायच्या आत झालं.

"झालं," ती म्हणाली.

मनकर्णाबाई खुर्चीकडे बघतच राहिल्या. दोन जिल्हे पालथे घातले, अकरा रकाने भरले, आणि उत्तर एवढंच होतं? त्यांना हसू आलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

दुपारी बुधरीनं खुर्ची स्वच्छ धुऊन अंगणात उन्हाला ठेवली आणि बाईंना मागच्या कुंपणालगत चालायला नेलं. ती काही दंडबिंड धरत नव्हती. मोहाच्या झाडापर्यंत पुढे जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "या."

तिकडे तीन जीपा आल्या. साहेब एक येणार होते, निघाले पाच. खुर्च्या चारच. रेंजर साहेबांनी डोळे वटारले. लटारूजी धावत मागे आले, उन्हात पाठमोरी ठेवलेली वेताची खुर्ची दिसली, ती उचलली आणि धावतच परत गेले. खुर्ची जरा कळकट दिसत होती. पण सरकारात त्यावर नामी उपाय आहे. मोठ्या साहेबांच्या खुर्चीवर पांढरा टर्किश टॉवेल घालतात. टॉवेल घातला की खुर्ची आपोआप मोठ्या साहेबांची होते. लटारूजींनी टॉवेल झटकून असा सफाईनं घातला की भोकाचा मागमूस राहिला नाही. सगळं लक्ष साहेबांकडे, त्यामुळे त्यांनी भोक पाहिलंच नव्हतं. आयुष्यात मोजल्याशिवाय उचललेली ही त्यांची पहिलीच वस्तू.

मनकर्णाबाईंनी कुंपणापासून व्हरांड्यात ती खुर्ची पाहिली, तिच्यावरचा टॉवेल पाहिला आणि तिच्याकडे निघालेले साहेब पाहिले.

"अगं माय!" म्हणत त्या निघाल्या. वॉकर मोहाखालीच राहिला. "साहेब! बसू नोका! त्या खुर्चीत बसू नोका!"

साहेबांना खाली बसू नका असं सांगणारं माणूस बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं. ते आश्चर्यानं तिकडे बघत बघतच बसले.

आणि गेले. टॉवेलसकट. वर राहिले ते गुडघे, हार आणि टोपी.

रेंजर, बडे बाबू, गार्ड, सगळे जागच्या जागी ताठ उभे. हुकूम नसताना साहेबांना हात कसा लावायचा? आणि हुकूम द्यायचा तो साहेब तर खुर्चीत. तेवढ्यात मनकर्णाबाई पायऱ्या चढून वर आल्या.

"हालू नोका, साहेब. हातावर जोर द्या. पुढं वाकू नोका. एक पाय पुढं घ्या. आता चांगल्या पायावर भार टाका अन् उठा, हळूहळू. घाई नोको!"

नागपूरच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं, अगदी तसंच. साहेब आज्ञाधारकपणे सुटे झाले. टॉवेल तेवढा अडकून राहिला.

"या बाई कोण?" साहेबांनी टोपी नीट करत विचारलं.

लटारूजी पुढे झाले. "सर, ह्या... चौकीदाराकडच्या पाहुण्या."

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मी यायची बायको हावो, साहेब. ऑपरेशन झालं हाय माहं. यायनं मले इथी चोरून ठेवलं अन् तुमी येता म्हून हाकललं. ही खुर्ची माह्या संडासची हाय."

साहेब एकदम खुर्चीपासून दोन पावलं लांब सरकले. लटारूजींना मात्र शेवटचं वाक्य ऐकूच गेलं नाही. त्यांना आत्ता कुठं दिसलं होतं की बायको त्यांच्यासमोर उभी आहे आणि तिच्या हातात कठडा नाही, वॉकर नाही, कोणाचा दंडही नाही. त्यांचे डोळे खरोखरच पाणावले. "मनकर्णा, तू चालली वं!" ते म्हणाले.

साहेबांनी बाईंना राहिलेले तीन आठवडे झिंगूच्या घरी राहायची तोंडी परवानगी दिली आणि लटारूजींना लेखी खुलासा मागितला. तीन प्रतींत.

सहा आठवडे झाल्यावर नागपूरला तपासणी झाली. मनकर्णाबाई वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या. डॉक्टर खूश झाले.

"बाई, तुम्हाला ठेवलं कुठं होतं?"

लटारूजींनी फाईल उघडली. "सर, चार जागांचा तुलनात्मक अभ्यास करून मी..."

"यायनं निवडल्या जागेत मी तीन हप्ते लटकून होती, डॉक्टरसाहेब," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तिथून हाकलली, तवा चालाले लागली." आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली, टॉवेलसकट. डॉक्टरांना हसू आवरेना, चष्मा पुसावा लागला.

बाहेर बाकावर नागभीडकडचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या बायकोचा खुबा आदल्याच दिवशी बदलला होता. डॉक्टर दिसताच ते उठले. "साहेब, हिले आता कुठी नेऊन ठेवू?"

"यांना विचारा," डॉक्टर लटारूजींकडे बोट दाखवून म्हणाले. "दोन जिल्हे टेप लावून मोजलेत यांनी."

लटारूजींची छाती फुगली. ते बाकावर बसले, गृहस्थांना शेजारी बसवलं, तक्ता मांडीवर पसरला आणि पेनचं टोपण काढलं.

"आणि हे सांगतील ती जागा सोडून," डॉक्टर पुढच्या वॉर्डकडे जाता जाता म्हणाले, "कुठंही न्या."