‘लेखणी’ एका फ्लॉपीत बसवताना

कोणतीही गोष्ट वाढवायला माणसं लागतात. कमी करायला समिती पुरते. जगातल्या सगळ्या मोठ्या कपाती अशाच झाल्या, आणि १९८८ साली कट्टा गावाजवळच्या आमच्या हायस्कुलात झालेली कपात त्यांत बरीच वर बसेल. त्या समितीचा सचिव मी होतो. त्यामुळे पुढे जे कौतुक येईल ते बरंचसं माझंच आहे. वाचकांनी संकोच करू नये.

शाळेत संगणक आला तो लवू गावड्यामुळे. लवू आमचा माजी विद्यार्थी, मुंबईत एका कंपनीत संगणकावर बसायचा. कंपनीने बाद केलेलं एक यंत्र त्याने एसटीच्या टपावरून पाठवून दिलं, आणि सोबत मराठीत लिहिण्या-छापण्याचा ‘लेखणी’ नावाचा प्रोग्रॅम. तो ठिकठिकाणच्या हौशी पोरांनी मिळून रचला होता आणि त्याची आतली सगळी मांडणी उघडी ठेवली होती. कुणीही घ्यावा, खोलावा, हवा तसा बदलावा, पुढच्याला द्यावा. (बदलणाऱ्याला अक्कल आहे का, हे कुठेही विचारलेलं नव्हतं. या मोकळेपणाचा पहिला लाभार्थी मी.)

अडचण एकच होती. लेखणी तीन फ्लॉप्यांवर पसरलेली आणि आमच्या यंत्राला फ्लॉपी घालायचं तोंड एक. साधं अक्षर लिहायचं तर पहिली, जोडाक्षर आलं की ती काढून दुसरी, छापायचं तर तिसरी. ‘मुख्याध्यापक’ हा शब्द लिहून होईस्तोवर तासाची घंटा व्हायची. प्रत्यक्ष मुख्याध्यापक भिकाजी परुळेकर यांना हे लागलं. त्यांनी ‘लेखणी आकारमान कपात समिती’ नेमली. अध्यक्ष ते स्वतः. सचिव मी, कारण मी गणित शिकवायचो आणि सावंतवाडीला संगणकाचं उन्हाळी शिबिर केलं होतं. विरोधालाही कुणीतरी हवं, म्हणून मराठीच्या नीरजाबाई.

आरंभ सूचनांपासून केला. लेखणी कशी वापरावी, याची लांबलचक माहिती तिच्यातच भरलेली होती. ती मी वाचली नव्हती, त्यामुळे ती निरुपयोगी असल्याचं ठामपणे सांगू शकलो. काढली.

मग अक्षरांकडे वळलो. ङ काढायचा ठरला, तेव्हा नीरजाबाई म्हणाल्या, “मग ‘वाङ्मय’ कसं लिहायचं?”

“साहित्य लिहा,” अध्यक्ष म्हणाले. ङ गेला.

ञही गेला. ळ जागा फार खात होता. पण अध्यक्षांचं आडनाव परुळेकर असल्यामुळे त्याचं सांस्कृतिक महत्त्व सर्वांना एकाच वेळी पटलं. ढ मात्र वाचला नाही. शाळेतून ढ गेला की निकाल आपोआप सुधारेल, असं अध्यक्ष म्हणाले. (हशा. हसणारे एकूण एक.)

तरीही थोडं जड होत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लिहिलेलं काहीही पुसायच्या आधी लेखणी विचारते, ‘खरंच पुसायचं? हो / नाही’. बी.एस्सी. झालेल्या माणसाला यंत्राने असं विचारावं, हे मला बरं वाटेना. प्रश्न काढला. शिवाय ती प्रत्येक मजकुराची एक जादा प्रत गुपचूप ठेवायची. हा तर सरळ अविश्वास. तोही काढला. लेखणी एका फ्लॉपीत मावली, वर जागा उरली, आणि अध्यक्षांनी मला सर्वांसमक्ष सत्काराचा नारळ दिला.

त्याच सुमारास राधाबाई शाळेत येऊ लागली. शाळेमागेच तिचं घर. नात सत्यवती हिचं लग्न ठरलं होतं. नवरी सासरी निघताना म्हणायचं गाणं गावात आता राधाबाईलाच येत होतं, आणि तिला धाप लागायची. गाणं छापून मिळालं तर मुली बघून म्हणतील, म्हणून ती नीरजाबाईंशेजारी खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची, थांबत थांबत सांगायची, आणि बाई सरळ संगणकावर उतरवायच्या. कागदावर नाही, कारण संगणक आल्यापासून शाळेने कागद वाचवायचा ठराव केला होता. ‘ढोल’ आला तिथे बाईंनी ‘ताशा’ घातला.

“ताशो खंयसून इलो गो?” राधाबाईने विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

गाणं पुरं झालं त्या दिवशी अध्यक्ष आले आणि म्हणाले, “जयरामराव, जागा किती उरली ते जरा दाखवा.” मी ऐटीत कळ दाबली. ती शेजारची निघाली. पूर्वीची लेखणी असती तर मध्येच प्रश्न विचारून खोळंबा केला असता. नव्या लेखणीने ब्र काढला नाही. पडदा स्वच्छ झाला आणि मोकळ्या जागेचा आकडा वर गेला.

“वा!” अध्यक्ष म्हणाले. “अजून कमी केलंत!”

नीरजाबाईंनी खुर्ची मागे सारली. राधाबाई पडद्याच्या जवळ वाकली.

“मास्तरांनू, माझा गाणा खंय गेला?”

“आजी, ता पुसला गेला. पण जागा मोकळी झाली.”

“जागा घेवन मी काय करू? माका थंय निजूचा आसा?”

माझे कान तापले. (हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.) मी म्हटलं, “परत सांगशात?”

तिने धाप आवरली. मग म्हणाली, “सगळा आता जमाचा नाय. थोडक्यात घेवा. चेडू नांदूक गेला. आवस दारात रवली. बापूस मागल्या दारी जावन रडलो. झाला.”

मुलगी सासरी, आई दारात, बाप मागल्या दारी: बाईंनी तेवढंच लिहिलं आणि तेवढंच छापलं. अशी कपात मला कुठल्याही शिबिरात कुणी शिकवली नव्हती.

लग्नात आम्ही तिघेही होतो. नवरी निघाली. मुलींनी कागद समोर धरून गाणं म्हटलं, आणि सत्यवती खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, मध्यावर पोचायच्या आतच ते संपलं. गाण्याच्या चालीवर चालायचं, हे आजीने तिला शिकवलेलं, म्हणून ती थांबली. मुलींनी कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता. राधाबाईने तोंड उघडलं, पण खोकलाच आला. सत्यवतीने मागे वळून पाहिलं आणि मग तशीच, कसल्याही आवाजाशिवाय, गाडीपर्यंत चालत गेली. तिचा बाप कुठे दिसत नव्हता. गाडीच्या ड्रायव्हरने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, एवढ्या वेळेत सुटलेलं वऱ्हाड त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नीरजाबाईंनी समितीचा राजीनामा दिला. अध्यक्षांनी तो सदस्यसंख्येतली कपात म्हणून मंजूर केला.

मूळ गाणं केवढं होतं, त्यात काय होतं, हे मांडवातल्या एकाही पाहुण्याने राधाबाईला विचारलं नाही. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. त्या गाण्याची एक ओळही न वाचता आपण इथवर आलात, आणि आपलंही कुठे काही अडलं नाही. समितीतली एक जागा अजून रिकामी आहे. आपण यावं.